भरीत पार्टी: वर्गणी काढायची की जिन्नस वाटून घ्यायचे?

फैजपूरचा_भाचा (१२ डिसेंबर, रात्री १०.२०)

राम राम मंडळी.

थंडी पडली, बाजारात बामणोदची वांगी दिसायला लागली आणि घरच्या ग्रुपवर परवा नेहमीचा निरोप आला: "भरीत पार्टी शेवटच्या रविवारी, मामांच्या मळ्यात. माणशी २५० रुपये. सोमवारपर्यंत पाठवा." पाच मिनिटांत तेरा जणांनी पैसे टाकलेसुद्धा. मी अजून टाकले नाहीत. का, तेच लिहितोय.

आमचा गोतावळा ४० माणसांचा. मी लहान होतो तेव्हा मळ्यात निघालं की प्रत्येक घराच्या हातात काहीतरी असायचं. मोठ्या मावशीकडे कळण्याचं पीठ, धाकट्या काकांकडे शेंगदाण्याचं तेल, कुणी मिरच्या-लसूण निवडून आणलेला, कुणी नुसत्या कांद्याच्या पातीच्या चार जुड्या. पोरांना तुराट्या (तुरीची वाळलेली खोडं) गोळा करायचं काम. सहा-सात वर्षांपूर्वी कुणीतरी म्हणालं, कशाला ती धावपळ, सरळ वर्गणी काढू. तेव्हा मलाही बरं वाटलं होतं.

गेल्या वर्षी दुपारी चारच्या सुमारास पाणी प्यायला चुलीकडे गेलो. मामी एकट्याच उभ्या. डाव्या तळव्यावर एक पुरी, पुरीवर ठेचा, उजव्या हातात झारा तसाच. भरीत संपलं होतं. सकाळी सातपासून त्या आणि वहिनी चुलीपुढे होत्या, दोनशेवर पुऱ्या तळल्या, आणि पंगतीला दोघी बसल्याच नाहीत. आम्ही तिकडे मोकळ्या वावरात क्रिकेट खेळत होतो. २५० रुपये दिले म्हणजे आपला वाटा दिला, असंच प्रत्येकाच्या मनात. माझ्याही.

तुमच्याकडे कसं करतात? वर्गणी, की जिन्नस, की कामं वाटून? आणि मोडलेली जुनी रीत पुन्हा बसवता येते का?

एकलव्य_धुळे

भाऊ, तुन्हं म्हननं खरं शे. पन पहिले हाई सांग, भांडा कोन घासी?

खापरपोळी (भालोद)

एकलव्यभाऊंनी एका ओळीत सगळं विचारून टाकलं.

मी भालोदची, म्हणजे तुमच्या मळ्यापासून हाकेच्या अंतरावर. पुऱ्यांचं काम काय असतं ते ज्यांनी केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट उडीद, दळतानाच मीठ घालतात. आमच्या घरी चार शेर ज्वारीला एक शेर उडीद. हे पीठ गव्हासारखं लाटता येत नाही, ओल्या फडक्यावर एकेक पुरी थापावी लागते आणि थापली की लगेच कढईत सोडावी लागते. म्हणजे एक बाई थापणार, दुसरी तळणार, आणि दोघींपैकी कुणालाही पाच मिनिटं उठता येत नाही. वांगी भाजणाऱ्याचं तसं नाही. तो वांगी फिरवतो, गप्पा मारतो, भाजून झालं की हात धुऊन मोकळा.

वर्गणीनं पीठ विकत येतं, थापणारा हात येत नाही. तुमच्या मामींच्या तळव्यावरची ती पुरी वाचून माझी आई आठवली. तीही तशीच उभ्यानं जेवायची.

ठाण्याहून_चाळीसगाव

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा.

मी दोन लहान मुलांना घेऊन रेल्वेनं येतो. गावचं घर बंद आहे. मी कळण्याचं पीठ कुठून आणू? जिन्नस वाटून घ्यायची पद्धत आमच्याकडे होती आणि ती भांडणानं मोडली. एका वर्षी तीन घरांनी दही आणलं आणि मीठ कुणीच आणलं नाही. चूल पेटल्यावर एक जण मोटारसायकलवर मिठाची पुडी आणायला गेला. ते हसण्यावारी गेलं. पण पुढच्या वर्षी "तिनं पाव किलोच दाणे आणले" अशी चर्चा बायकांच्या पंगतीत झाली, ती माझ्या बहिणीनं ऐकली आणि ती दोन वर्षं आली नाही. तिच्या घरची तेव्हाची परिस्थिती आम्हाला ठाऊक होती, तरी कुणी तोंड उघडलं नाही.

वर्गणीत सगळे सारखे. कुणी काय आणलं हे कुणाला दिसत नाही, हा मोठा फायदा आहे. पुऱ्यांचा प्रश्न असेल तर त्याच वर्गणीतून गावातल्या दोन बायकांना रोजानं बोलवा, चांगले पैसे द्या.

चटणीभाकर

मिठाची पुडी!! आमच्याकडे असंच एकदा सगळं आलं आणि काडेपेटी नाही. मळ्यात विडी ओढणारा एकही माणूस उरला नाही, हे त्या दिवशी कळलं.

बांधावरचा (यावल)

मी मळ्याच्या मालकाच्या बाजूनं लिहितो. आमची केळी आहे आणि दर हिवाळ्यात तीन-चार पार्ट्या आमच्याकडे होतात. नातेवाईक, भावाच्या ऑफिसातले लोक, पोरांचे मित्र. यावेत, आनंद आहे. पण वर्गणीच्या हिशोबात वांगी, तेल, दाणे, पीठ सगळं धरतात. सरपण कुणी धरत नाही, पाणी धरत नाही, दुसऱ्या दिवशीची साफसफाई तर कुणाच्या ध्यानातच नसते.

मागच्या वर्षी एका पाहुण्यानं गाडी सावलीत लावायची म्हणून केळीच्या ओळीत घातली. ठिबकच्या दोन नळ्या चाकाखाली चिरल्या. मला कळलं तिसऱ्या दिवशी, जेव्हा त्या ओळीच्या शेवटच्या झाडांची पानं मलूल दिसली आणि मधेच चिखल झालेला. तोंडानं कुणी बोललं नाही. त्यांना कळलंही नसेल. आणि प्लास्टिकच्या पेल्यांचं काय सांगू, बांधाला, पाटात, गुरांच्या गव्हाणीत, कुठे कुठे सापडतात. केळीच्या बागेत बसून थर्माकोलच्या ताटात जेवणारी माणसं बघितली की जीव तुटतो. पान मागा ना! मी स्वतः कापून देतो. रावेर-यावलमध्ये केळीच्या पानाला काय तोटा?

म्हणून माझं म्हणणं: जिन्नस आणा, पैसे आणा, काहीही आणा, पण संध्याकाळी निघण्याआधी अर्धा तास सगळ्यांनी मिळून मळा पहिल्यासारखा करून द्या.

अवांतर: सरपण म्हणून बांधावर रचलेल्या पऱ्हाट्या लोक बिनधास्त घेतात. कपाशीवर शेवटपर्यंत फवारण्या झालेल्या असतात, त्या आगीत खायची वांगी भाजू नका. तुराट्या चांगल्या, बाभळीचं वाळलेलं सरपण त्याहून चांगलं. पऱ्हाट्या बांधावर तशाच ठेवणंही वाईट, गुलाबी बोंडअळी त्यातच मुक्काम करते.

बडगीवाला

पऱ्हाट्यांबद्दल शंभर टक्के सहमत.

विषय निघालाच आहे तर, वांग्याला आधी सुरीनं दोन-तीन टोचे मारा आणि तेलाचा हात फिरवा. टोचे मारले की आत अळी आहे का तेही कळतं आणि वांगं आगीत फुटत नाही. भाजून झाल्यावर पाटीत घालून दहा मिनिटं झाकून ठेवा, साल आपसूक सुटते. मग बडगीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात, घालून लाकडी मुसळानं ठेचायचं. मिक्सरचं नाव काढू नका.

चटणीभाकर

आमच्याकडे बडजी म्हणतात.

बडगीवाला

म्हणा. भरीत तेच होतं.

ज्वारीचं_कणीस

फोडणी द्यायची की कच्चं खायचं? माझं मत: दाणे, खोबऱ्याचे काप, पात, हिरव्या मिरच्यांचा ठेचा, वरून फोडणी. कच्चं भरीत म्हणजे काम अर्ध्यावर सोडल्यासारखं.

नाना_आसोदेकर

कच्च्या भरिताला वांग्याची चव कळते, फोडणीच्या भरिताला तेलाची. बाकी आपापली आवड. भरिताचं वांगं नुसतं चुलीत टाकून मीठ-मिरचीशी खाल्लं तरी गोड लागतं, बिया कमी, साल पातळ. २०१६ साली जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच साली जळगावच्या केळीलाही. आमच्या आसोद्याला बहिणाबाईंचं माहेर म्हणून जेवढे लोक येतात, तेवढेच वांग्यासाठीही येतात.

मूळ विषयावर. मी ७४ वर्षांचा आहे, मला वर्गणी शब्द गणपतीशिवाय ठाऊक नव्हता. आमच्या लहानपणी मळ्यात खाऊसुद्धा पैशानं येत नसे. कापूस वेचणीच्या दिवसांत गोडीशेववाला बांधाबांधानं फिरायचा. पोरं ओंजळभर कापूस द्यायची, तो कागदात शेव बांधून द्यायचा. त्याची ओंजळ आणि आमची ओंजळ यावर रोज वाद. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी द्यायची. सुतार-लोहार-कुंभार वर्षाचं धान्य खळ्यावरून न्यायचे. त्या व्यवहारात सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही, खळ्यावर कुणाला मापानं मिळायचं आणि कुणाला मूठ झाडून, हे मी पाहिलेलं आहे. पण कुणी रिकाम्या हातानं येत नसे हेही खरं.

तुमच्या फैजपूरलाच डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गांधीजींचा आग्रह होता की सगळं उभं राहील ते खेड्यातल्या सामानातून, खेड्यातल्या हातांनी. नंदलाल बोस यांनी बांबू-चटयांत ते नगर सजवलं. माझे वडील तेव्हा पोरसवदा. घरून बैलगाडीभर कडबा घेऊन गेले होते, पाहुण्यांच्या बैलांसाठी. त्यांना भाषणातलं काही आठवत नव्हतं, कडबा कुणी उतरवून घेतला ते मात्र मरेपर्यंत सांगायचे.

सातपुडा_पायवाट (धडगाव)

नानांनी कडब्याचं लिहिलं ते फार आवडलं.

मी धडगाव भागात १५ वर्षं शिक्षक आहे. इथे पाड्यावर कुणाचं घर शाकारायचं असलं किंवा निंदणी अडली असली की तो माणूस लाह बोलावतो. प्रत्येक घरातून एक जण येतो. मजुरी नाही. ज्याचं काम त्यानं त्या दिवशी सगळ्यांना जेवू घालायचं, आणि उद्या दुसऱ्यानं बोलावलं की जायचं. वहीत काही लिहिलेलं नसतं, पण कोण आलं आणि कोण नाही हे पाड्यावर सगळ्यांना पाठ. आपल्याला जमत नसेल तर भाऊ जातो, बायको जाते, मोठा मुलगा जातो. पैसे पाठवून सुटका नाही. पहिल्या वर्षी मी माझ्या शेजाऱ्याच्या लाहीला "मला शाळा आहे, हे पन्नास रुपये घ्या" म्हणालो होतो. त्यानं नोट परत केली आणि म्हणाला, गुरुजी, संध्याकाळी या, कौलं वर द्यायला एक माणूस कमी आहे. संध्याकाळी गेलो.

अक्कलकुव्याजवळ काठीची होळी मोठी असते, तिथे होळीच्या दांड्याचा खड्डा कुदळ-फावड्यानं नाही, हातांनी उकरतात. आणि साक्री तालुक्यात बारीपाड्याला वनभाजी महोत्सव भरतो. बाया रानातून स्वतः भाजी ओळखून, खुडून, शिजवून आणतात. ज्या चैत्राम पवारांच्या पुढाकारानं त्या गावानं जंगल राखलं, त्यांना २०२५ ची पद्मश्री मिळाली. तिथे मी गेलोय. आपली भाजी कुठल्या ओहोळाच्या काठची, हे सांगताना त्या बायांचे चेहरे बघण्यासारखे असतात. वर्गणीच्या पार्टीत असं सांगण्यासारखं कुणाकडे काही उरत नाही.

कानबाईचा_भाऊ

गुरुजी, आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणाचं असंच. श्रावणात नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात. (घराघरांची रीत थोडी वेगळी असते.) भाऊबंदकीतला कुणी सुरतेला असो नाहीतर मुंबईला, त्याच्या नावाची मूठ निघतेच. तो आला तर त्यानं खायचं, नाही आला तर आम्ही त्याच्या वाट्याचं खायचं, पण पौर्णिमेच्या आत रोट संपले पाहिजेत. ठाणेकर भाऊ, तुमच्या प्रश्नाला हे उत्तर होऊ शकेल का? जो लांब आहे त्याच्या नावाची मूठ गावातल्यानं काढायची आणि त्यानं आल्यावर तेवढं काम उचलायचं.

ठाण्याहून_चाळीसगाव

हे पटतंय. आल्यावर काम उचलायला माझी कधीच ना नाही. खरं सांगायचं तर मला कुणी काम सांगतच नाही. "तुम्ही पाहुणे, बसा."

सालदाराचा_मुलगा

बरेच दिवस इथे फक्त वाचतो. आज लिहावंसं वाटलं.

माझे वडील सालदार होते, वर्षाच्या बोलीवरचे शेतगडी. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल ठरायचं, पुढच्या आखाजीपर्यंत. मालकाच्या मळ्यात दर वर्षी भरीत पार्टी व्हायची आणि वांगी भाजायचं काम वडिलांचं. पंचक्रोशीत त्यांच्यासारखं वांगं कुणी भाजत नसे. आग किती हवी, कधी फिरवायचं, देठ कधी लवतं, हे ते वासावरून सांगायचे. लोक मालकाला म्हणायचे, "काय भरीत झालंय!" वडील बांधाला बसून हाताची राख झटकत असायचे. आम्ही नंतर जेवायचो, सगळे उठल्यावर.

एका वर्षी मालकांच्या आईनं, त्या तेव्हा ऐंशीच्या होत्या, वाढायला सुरुवात करणाऱ्या सुनेला थांबवलं. म्हणाल्या, ज्यानं भाजलं तो कुठाय? वडिलांना बोलावलं, पहिल्या पंगतीत आपल्या शेजारी बसवलं. त्या दिवशी वडील नीट जेवलेच नाहीत, संकोचानं. घरी आल्यावर आईला दोनदा सांगितलं, शेजारी बसवलं म्हणून.

इथे वर्गणी की जिन्नस यावर चर्चा चालू आहे. आमच्या घरात दोन्ही नव्हतं. आमच्याकडे हात होते. ठाणेकर म्हणतात बायकांना रोजानं बोलवा. बोलवा, रोज चोख द्या, पण त्यांना पंगतीत बसवणार का, हे आधी ठरवा. नाहीतर मामींच्या जागी दुसरी बाई उभ्यानं जेवेल, एवढाच फरक.

खापरपोळी (भालोद)

दादा, लिहीत जा.

ठाण्याहून_चाळीसगाव

माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

एकलव्य_धुळे

भाचेबुवा कुठे गेले? आणि एक विचारू? इथे सगळे मामींच्या बाजूनं बोलतोय. मामींना कुणी विचारलंय का?

फैजपूरचा_भाचा (१५ डिसेंबर, रात्री ९.०५)

एकलव्यभाऊ, तुमचा प्रश्न वाचला आणि तसाच फोन लावला. विचारलं नव्हतं, खरंच.

मला वाटलं होतं मामी म्हणतील, पुऱ्यांचं काम जड होतं. त्या म्हणाल्या, पुऱ्यांचं काही नाही रे, हाताला सवय आहे. आदल्या दिवशी विहिरीजवळची जागा सारवून-झाडून घेणं आणि नंतरचे कागद वेचणं याचा कंटाळा येतो, कारण ते एकटीनं करावं लागतं. मग थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या: "मला एकदा वांगी भाजायची आहेत. लग्न होऊन ३१ वर्षं झाली, मळ्यात पार्टी असली की आगीशी तुझे मामा आणि त्यांचे भाऊ. मला भाजता येतं. माझ्या माहेरी मीच भाजायचे."

मी काय बोलणार!

तर आता ठरवतोय ते असं. कामांची अदलाबदल. आगीशी मामी आणि मोठी मावशी. पुऱ्या आम्ही भाऊ-भाऊ आणि मेहुणे. जिन्नस घराघरांत वाटून, पण चिठ्ठीवर मापासकट: वांगी १५ किलो मामांची, तेल दोन लिटर, दाणे एक किलो, मिरच्या पाऊण किलो, आणि मीठ दोन घरांकडे (ठाणेकर, हे तुमच्यामुळे). बाहेरगावच्यांना जिन्नस नाही, त्यांनी साफसफाई आणि भांडी. ग्रुपवर टाकलं तेव्हा दोघांनी विचारलं, एवढा खटाटोप कशाला, आम्ही ५०० देतो. एक जण चक्क ग्रुप सोडून गेला, मग परत आला.

अडचण एकच. कळण्याचं पीठ. मोठ्या मावशीचा गुडघा दुखतो, यंदा दळण होणार नाही, आणि तयार पिठाचा भरवसा नाही.

खापरपोळी (भालोद)

आमच्या घरी चक्की आहे. ४० माणसांचा कळणा मी दळून देते. पैसे नकोत. आमच्याकडे महिनाअखेर सत्यनारायण आहे, मला केळीचे चार खांब, पानं आणि मिळालं तर केळफूल हवंय. होतंय का?

फैजपूरचा_भाचा

होतंय! खांब मामा स्वतः पोहोचवतील. आणि ताई, रविवारी तुम्ही घरच्यांना घेऊन या. पिठाबरोबर थापायचं कसं तेही शिकवायला हवं, आमच्यात कुणाला येत नाही.

बांधावरचा (यावल)

गाड्या रस्त्यावरच लावा हो.

बडगीवाला

मुसळ हलकं घ्या, नव्या माणसाचा खांदा भरून येतो.

चटणीभाकर

काडेपेट्या दोन.

फैजपूरचा_भाचा (३० डिसेंबर, दुपारी १.४०)

झाली पार्टी. सांगतो.

जेवण दीड तास उशिरा झालं. पुऱ्या आम्हाला येईनात. फडक्यावर थापलेली पुरी उचलताना तुटायची, नाहीतर तेलात पडताना दुमडायची. भालोदच्या ताई शेजारी बसून नुसत्या सांगत होत्या, हात लावायचा नाही असं त्यांनी ठरवलेलंच होतं. "पाणी लाव. अजून. बोटं जवळ ठेव." साधारण पन्नासाव्या पुरीपासून जमायला लागलं. धाकटे काका, जे आयुष्यात कधी चुलीपुढे बसले नाहीत, ते शेवटपर्यंत तळत होते आणि उठायला तयार नव्हते. दोन लहान पोरं भुकेनं रडली, त्यांना आधी केळी दिली. एक-दोघे कुरकुरले, पुढच्या वर्षी वर्गणीच बरी म्हणाले. म्हणू देत.

मामींचं काय सांगू. पदर खोचून, हातात लांब चिमटा घेऊन त्या तुराट्यांच्या जाळाशी बसल्या. मामा दोनदा सांगायला गेले, हे फिरव, ते काढ. दुसऱ्यांदा मामींनी मान वर न करता म्हटलं, "तुम्ही पुऱ्यांकडे बघा." एकही वांगं करपलं नाही, एकही आत कच्चं राहिलं नाही. पहिलं वांगं सोललं तेव्हा वाफेबरोबर जो वास सुटला, त्यानं क्रिकेट खेळणारी पोरं आपोआप खेळ टाकून आली. फोडणीचं आणि कच्चं दोन्ही केलं. (नाना, कच्चं आधी संपलं.)

मळ्यात कामाला असणाऱ्या काकांनी सरपण फोडून दिलं होतं, त्यांचं कुटुंब आणि मामी, मावशी, वहिनी अशी पहिली पंगत. केळीची पानं मांडली. वाढायला ठाण्या-पुण्याचे आम्ही सगळे. सालदाराचा_मुलगा, तुमची पोस्ट मी आदल्या रात्री ग्रुपवर वाचून दाखवली होती.

मामी शांत बसून जेवल्या. तीन पुऱ्या आणि दोनदा भरीत. मी मोजल्या.

भांडी बाहेरगावच्यांनी घासली, राखेनं. कचऱ्याची एकच पिशवी भरली. पानं गुरांना टाकली.

आता एक काम राहिलंय. आवरताना एक पितळी पातेलं जास्त निघालं. आमचं कुणाचंच नाही. बुडाला नाव कोरलेलं आहे पण घासून घासून गेलंय, नुसतं "भालोद" एवढं वाचता येतं. ताई, तुमचं का?

खापरपोळी (भालोद)

माझ्या सासूबाईंचं. त्यांच्या लग्नातलं. पीठ त्यातूनच आणलं होतं. सावकाश द्या, घाई नाही.

फैजपूरचा_भाचा

उद्या खांब घेऊन मामा येतायत, तेव्हाच देतील. मामी म्हणाल्या रिकामं पातेलं पाठवायचं नाही. सकाळपासून तुरीच्या ओल्या शेंगा तोडतायत.